घेवड्याच्या बियाण्याची व्हायरस टेस्ट: स्ट्रिप आणि लॅब दोन्ही वापरून बघितल्यावरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. ज्यांच्या घरी घेवड्याचं स्वतःचं बी आहे, दरवर्षी निवडून वाळवून ठेवायचं आणि तेच पुढच्या खरिपाला टोकायचं असं ज्यांचं चालतं, त्यांनी पेरायच्या आधी ते बी लॅबमधून व्हायरससाठी तपासून घ्यावं, त्याला घातलेले पैसे वसूल होतात. उभ्या पिकात पानं पिवळी पडल्यावर जी टेस्ट करतात तिचा उपयोग आहे पण तो कुठली फवारणी करायची आणि कुठली नाही हे ठरवण्यापुरता, रोग लागलेलं झाड त्यानं बरं होत नाही. आणि रानात दहा-पंधरा मिनिटात करायच्या ज्या स्ट्रिप मिळतात त्या चांगल्या आहेत पण त्या एकाच प्रश्नाचं उत्तर देतात, हे माहीत नसताना घेतल्या तर फसगत होते.

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातले. वाघ्या घेवडा म्हणजे आमच्या भागाची ओळख, राजम्याच्याच जातकुळीतला, दाण्यावर वाघासारखे पट्टे, 2016 साली त्याला जीआय मानांकन, म्हणजे ही या भागाचीच खासियत असा सरकारी शिक्का, पण मिळालं. आता बरेच जण वरुण घेवडा करतात कारण तो एकसारखा येतो, पण वाघ्याची चव ज्यांना माहीत आहे ते थोडा का होईना घरचा वाघ्या लावतातच, आणि त्याचं बी दुकानात पिशवीत मिळेलच असं नाही, ते घराघरातनंच चालत येतं. आमच्या गटातल्या बायका एकमेकींना बी देतो. म्हणून मला हा विषय जिव्हाळ्याचा वाटतो, कारण एका घरातनं रोगट बी निघालं तर ते वाटणीनं सगळ्या गावात जातं आणि वर्षानुवर्षं निवडून टिकवलेलं बी तसंच खराब होत जातं.

बियातनं जाणारा मुख्य व्हायरस म्हणजे बीन कॉमन मोझॅक व्हायरस, लॅबवाले त्याला बीसीएमव्ही म्हणतात. पोटीव्हायरस नावाच्या घराण्यातला आहे. पान सुरकुततं, कडा खाली वळतात, शिरांच्या बाजूनं गडद हिरवं आणि मधे फिकं असं ठिगळ ठिगळ दिसतं, झाड खुजं राहतं, शेंगा कमी. तो बियाच्या आत म्हणजे गर्भात असतो त्यामुळं वरनं औषध चोळून जात नाही, बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया करा नाहीतर ट्रायकोडर्मा लावा, बुरशीसाठी ते बरोबर आहे पण व्हायरसला काही होत नाही. काही जातींत रोगट झाडाच्या निम्म्याहून जास्त बियांत तो उतरल्याच्या नोंदी आहेत. आणि असं बी दिसायला चांगलं असू शकतं, नुसतं बघून आणि निवडून ते बाजूला निघेल याची काही खात्री नाही. त्यामुळंच टेस्टला पर्याय नाही असं माझं मत झालंय.

आता स्ट्रिपबद्दल. कोरोनात आपण घरी नाकात काडी घालून जी टेस्ट करायचो तिचंच तत्त्व. एक प्लास्टिकची जाळीदार पिशवी येते, तिच्यात बफरचं पाणी असतं, त्यात पानाचा छोटा तुकडा टाकायचा, बाहेरनं पेनाच्या मागच्या टोकानं चांगला चोळायचा म्हणजे रस निघतो, मग पट्टीचं टोक त्या रसात उभं करायचं. पट्टीवर व्हायरसच्या वरच्या आवरणाला चिकटणाऱ्या अँटिबॉडी बसवलेल्या असतात आणि त्यांना रंगाचे बारीक कण जोडलेले असतात. रस वर चढतो, व्हायरस असला तर टेस्टची रेघ उमटते. वरची कंट्रोलची रेघ, म्हणजे पट्टी नीट चालली हे सांगणारी, प्रत्येक वेळी आलीच पाहिजे, ती नाही आली तर ती पट्टी फुकट गेली असं समजायचं, निगेटिव्ह नाही. पट्टीच्या टोकाला बुडवायची खूण असते तिच्या वर पट्टी बुडवायची नाही, आणि पाकिटावर जेवढी मिनिटं लिहिलीत तेवढ्यातच वाचायची, दुपारी करून संध्याकाळी परत बघितली आणि फिकट रेघ दिसली म्हणून कुणी पॉझिटिव्ह धरू नये.

स्ट्रिपचं कौतुक असं की बांधावर उभं राहून उत्तर मिळतं. बियाण्याच्या प्लॉटमधनं फिरताना एखादं झाड संशयाचं वाटलं की लगेच करून उपटता येतं आणि हे फुलोऱ्याच्या आधी करणं फार महत्त्वाचं, कारण फुलं यायच्या आधी लागण झालेल्या झाडाच्या बियातच हा व्हायरस जास्त उतरतो, फुलोऱ्यानंतर लागण झाली तर बियात जायचं प्रमाण खूपच कमी. म्हणजे बियाण्यासाठी ठेवलेल्या वाफ्यात पहिल्या महिन्यात जेवढं लक्ष द्याल तेवढं पुढच्या वर्षीचं बी चांगलं. आमच्या आण्णांना म्हणजे सासऱ्यांना सुरुवातीला हे पटलं नव्हतं, चांगलं हिरवं झाड उपटायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं, पण पट्टीवर रेघ डोळ्यानं बघितली आणि मग ते स्वतःच ओळीनं फिरून झाडं काढायला लागले. मला वाटतं स्ट्रिपचा सगळ्यात मोठा फायदा हाच, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला समोर दाखवता येतं.

पण तोटे पण सांगितले पाहिजेत. आम्ही वापरलेली स्ट्रिप पोटीव्हायरस ग्रुपची आहे, म्हणजे पॉझिटिव्ह आली तर या घराण्यातला कुठला तरी व्हायरस आहे एवढंच कळतं, नक्की कुठला हे कळत नाही. घेवड्याच्या बाबतीत तेवढं पुरतं, झाड उपटायचंच असतं. खरी अडचण निगेटिव्ह आल्यावर होते. घेवड्यावर दुसराच एक रोग येतो, पिवळा मोझॅक, आपल्याकडं केवडा म्हणतात तो, पान लिंबासारखं पिवळं धमक होतं, हिरवे पिवळे तुकडे तुकडे दिसतात. तो व्हायरस वेगळ्या घराण्यातला, पोटीच्या स्ट्रिपवर तो कधीच दिसणार नाही. आणि आमच्या गटातल्या एका वहिनींना विकणाऱ्यानं सांगितलं होतं की निगेटिव्ह म्हणजे व्हायरस नाही, खत कमी पडलंय, आणि वर टॉनिकच्या दोन बाटल्या दिल्या. हे चुकीचं आहे, आणि मला याचा राग येतो, कारण शेतकरी पट्टीवर विश्वास ठेवतो ते ती शास्त्राची वस्तू आहे म्हणून. पट्टीवर ज्याचं नाव आहे तेवढ्याचंच ती सांगते. दुकानाचं नाव घेत नाही, पण विकत घेताना पाकिटावर कुठल्या व्हायरसची आहे हे वाचून घ्या, नुसतं व्हायरस टेस्ट म्हटलं तर घेऊ नका. शिवाय पट्ट्या फ्रीजमध्ये ठेवायला लागतात, ओलसर हवेत पाकीट उघडं राहिलं की खराब होतात, आणि एकीनं घेण्यापेक्षा गटानं मिळून घेतलेल्या परवडतात.

आता लॅब. सांगलीची खाजगी लॅब आहे, नाव इथं टाकत नाही कारण चांगलं वाईट दोन्ही लिहायचंय. पहिल्यांदा सॅम्पल कोरेगाव स्टेशनवरनं रेल्वेनं स्वतः नेऊन दिलं, सांगलीला उतरून पुढं रिक्षा, नंतर पार्सलनं पाठवायला लागलो. तिथल्या मॅडमनी वेळ काढून सगळं समजावलं, प्लेट दाखवली, त्याबद्दल त्यांना पूर्ण मार्क. बियाण्यासाठी ते एलायझा करतात. 96 खड्ड्यांची प्लेट असते, खड्ड्यात आधी अँटिबॉडी चिकटवतात, मग आपल्या सॅम्पलचा रस, मग रंग देणाऱ्या एन्झाइमची दुसरी अँटिबॉडी, प्रत्येक टप्प्याला धुऊन काढायचं, आणि शेवटी व्हायरस असेल त्या खड्ड्यात पिवळा रंग येतो आणि तो किती गडद आहे हे मशीनवर 405 नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतात. झाडांच्या व्हायरससाठी ही पद्धत 1977 पासून वापरात आहे, म्हणजे नवीन चमत्कार नाही, मुरलेली गोष्ट आहे. रात्रभर ठेवायचे टप्पे असतात म्हणून रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतातच, आज द्या उद्या रिपोर्ट असं कुणी म्हणालं तर विचारा कशी करता.

रिपोर्ट वाचायला शिकणं गरजेचं आहे आणि इथं लॅबबद्दल माझी पहिली तक्रार. पहिला रिपोर्ट आला तो एका ओळीचा, पॉझिटिव्ह, खाली सही शिक्का. मी फोन करून आकडे मागितले तेव्हा मिळाले. एलायझात निरोगी पानाचा पण रस घालतात आणि त्याचं जे रीडिंग येतं त्याच्या साधारण दुप्पट किंवा तिप्पटीच्या वर असेल तर पॉझिटिव्ह धरतात. समजा निरोगीचं 0.10 आहे आणि तुमचं 0.95 आलं तर शंकाच नाही, पण तुमचं 0.21 आलं तर ते काठावरचं आहे आणि परत करून घ्यायला पाहिजे. एका ओळीच्या रिपोर्टात हे दोन्ही सारखेच पॉझिटिव्ह दिसतात. त्यामुळं पैसे भरतानाच सांगायचं की निरोगी कंट्रोलचं, रोगट कंट्रोलचं आणि माझ्या सॅम्पलचं असे सगळे आकडे रिपोर्टवर पाहिजेत, आणि प्रत्येक सॅम्पल दोन खड्ड्यात घाला. आता ते आम्हाला देतात, पण मागितल्याशिवाय देत नाहीत आणि ते मला बरोबर वाटत नाही, शेतकऱ्याला आकडे कळत नाहीत असं कुणी ठरवू नये.

बियाण्याचं सॅम्पल कसं तपासतात ते मला सगळ्यात आवडलं. एकेक बी तपासायचं म्हटलं तर खर्च परवडणार नाही, म्हणून गट करतात. उदाहरणार्थ 200 बिया घेतल्या, दहा-दहाचे 20 गट केले, त्यातले 4 गट पॉझिटिव्ह आले. पटकन वाटतं 20 टक्के बी रोगट. तसं नाही. पॉझिटिव्ह गटात दहातली एखादीच बी रोगट असू शकते, हिशोब केला की तो आकडा 2 टक्क्यांच्या थोडा वर येतो. आमच्या गटात हा आकडा फोनवर नुसता ऐकून एक ताई सगळं बी विकून टाकायला निघाल्या होत्या, लॅबनं नीट समजावल्यावर थांबल्या. पण 2 टक्के म्हणजे सोडून द्यायचं असं पण नाही, कारण ती रोपं रानात सगळीकडं विखरून उगवतात आणि मावा, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, व्हायरस तिथनं उचलून शेजारच्या झाडांना देत सुटतो, हंगामाच्या शेवटी त्याचं कितीतरी पट झालेलं असतं. आम्ही असं केलं की ज्या घरच्या बियात काहीच निघालं नाही त्या बियापासनं बियाण्याचा प्लॉट वेगळा केला, बाकीच्यांचं बी खायला आणि विकायला. घेवडा खाल्ल्यानं माणसाला या व्हायरसचं काही होत नाही, तेवढी भीती बाळगू नका.

अजून एक बारीक गोष्ट. बी तसंच दळून तपासलं तर सालपटावरचा आणि सालपटातला व्हायरस पण पकडला जातो आणि तो रोपात उतरेलच असं नाही. म्हणून जास्त खात्रीची पद्धत म्हणजे बी जाळीच्या आत, जिथं मावा पोचणार नाही अशा ठिकाणी उगवून घ्यायचं आणि रोपांची पानं तपासायची. लॅब हे करते पण त्याला तीन आठवडे तरी जातात आणि पैसे जास्त. बियाण्याच्या मुख्य लॉटसाठी आम्ही तेच करून घेतो, बाकीच्यांना साधी टेस्ट.

पिवळ्या मोझॅकसाठी एलायझावर भागत नाही, त्याला पीसीआर लागतो. या व्हायरसचे अनुवंशिक तुकडे डीएनएचे, दोन गोल तुकडे असतात, प्रत्येकी साधारण 2700 अक्षरांचे, पीसीआरमध्ये त्यातला ठरावीक भाग मशीनमध्ये लाखो पटीनं वाढवून बघतात. त्यामुळं अगदी कमी व्हायरस असला तरी सापडतो. पण तेवढीच भानगड म्हणजे लॅबमध्ये दुसऱ्या सॅम्पलचा कण जरी उडाला तरी खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं, म्हणून नुसत्या पाण्याचा कंट्रोल त्यांच्याकडं निगेटिव्ह आला का हे विचारायचं. मॅडमनी जेलचा, म्हणजे ज्यावर पीसीआरचा निकाल पट्ट्यांच्या रूपात दिसतो त्याचा, फोटो पण पाठवला, पाण्याच्या रकान्यात काही नव्हतं, समाधान झालं. बीसीएमव्ही आरएनएचा आहे, त्याला पीसीआर करायचा तर आधी आरएनएचं डीएनए करून घेतात, तो खर्च अजून वाढतो, घेवड्याच्या बियासाठी एलायझाच बास.

हे दोन व्हायरस वेगळे ओळखायचे कशासाठी, तर फवारणीसाठी. पिवळा मोझॅक पांढऱ्या माशीनं पसरतो आणि माशीच्या अंगात तो शिरल्यावर बरेच दिवस राहतो, माशीला रोग उचलायला आणि दुसरीकडं द्यायला वेळ लागतो, त्यामुळं सुरुवातीपासनं पांढरी माशी आटोक्यात ठेवली, पिवळे चिकट सापळे लावले, रोगट झाडं काढली तर फरक पडतो. बीसीएमव्हीचं उलटं आहे. मावा रोगट पानाला सोंड टोचतो आणि काही सेकंदात ते एक-दोन मिनिटात व्हायरस सोंडेवर घेऊन पुढच्या पानाला टोचून देतो पण, कीटकनाशकानं तो मरायच्या आत त्याचं काम झालेलं असतं. म्हणजे बीसीएमव्हीसाठी आठवड्याला फवारे मारणं हे पैसे पाण्यात घालणं आहे, तिथं चांगलं बी हाच उपाय. माझ्या माहेरी खटावकडं भाऊ घेवड्यावर फवारण्यांचा मारा करायचा, दुकानदार देईल ते. त्याच्या रानातली पानं तपासली तर निघाला बीसीएमव्ही. टेस्टच्या फीपेक्षा औषधांचं बिल कितीतरी जास्त झालेलं होतं.

सोयाबीनवाल्यांसाठी पण दोन शब्द, कारण सातारा सांगली पट्ट्यात घेवड्यापेक्षा तेच जास्त. 2023 च्या खरिपात विदर्भात पिवळ्या मोझॅकनं सोयाबीनचं जे झालं ते सगळ्यांनी बातम्यांत बघितलंय. आपल्याकडं कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रानं काढलेल्या फुले संगम केडीएस 726 सारख्या जाती लोक विश्वासानं लावतात, तांबेऱ्याला त्या चांगल्या टिकतात, पण तांबेरा बुरशीचा रोग आणि मोझॅक व्हायरसचा, एकाला टिकली म्हणून दुसऱ्याला टिकेल असं धरून चालू नका. आणि सोयाबीनचं प्रत्येक पिवळं पान लॅबला पाठवायची गरज नाही. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, सगळ्या पट्ट्यात सारखंच, चुनखडीचं रान किंवा पाणी साचलेलं, तर ते बहुतेक लोहाची कमतरता. एखाद्या ठिकाणी एक झाड पूर्ण ठिगळाठिगळाचं आणि शेजारचं हिरवंगार असं दिसलं तर टेस्ट करावी.

लॅबबद्दल दुसरी तक्रार त्यांच्या पत्रकाची. सर्व कडधान्यांचे सर्व विषाणू तपासून मिळतील असं त्यावर छापलंय. आमच्या गटातल्या काकूंनी तुरीची पानं पाठवली, वांझ रोगाची शंका होती, झाड झुडुपासारखं वाढलेलं, पानं बारीक आणि फुलं शेंगा काहीच नाही. सॅम्पल घेतलं, पैसे घेतले आणि दहा दिवसांनी सांगितलं की याची टेस्ट आमच्याकडं नाही. पैसे परत दिले हे खरं, पण आधी सांगायला पाहिजे होतं. वांझ रोगाचा व्हायरस डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यांमुळं पसरतो, रोगाची नोंद 1931 सालची आहे पण तो कुठल्या व्हायरसमुळं होतो हे शोधायला शास्त्रज्ञांना जवळपास सत्तर वर्षं लागली, इतका तो हाती लागायला अवघड. अशा रोगाची टेस्ट प्रत्येक लॅबमध्ये नसणार हे समजू शकते, पण मग पत्रकात सर्व असं लिहू नये. भुईमुगाच्या शेंडेमरीची टेस्ट मात्र त्यांच्याकडं आहे, तो फुलकिड्यांनी पसरणारा व्हायरस, एलायझात नीट सापडतो.

सॅम्पल पाठवताना काय पाळायचं ते अनुभवानं सांगते. वाळलेलं, करपलेलं पान नको, लक्षणं दिसणारं कोवळं पान पाहिजे. पान धुऊन निथळून, ओलसर टिश्यूमध्ये गुंडाळून, झिपच्या पिशवीत, आणि पिशवीवर मार्करनं रान, जात, पेरणीची तारीख. सोबत त्याच रानातलं चांगल्या झाडाचं पान वेगळ्या पिशवीत द्याच, लॅबला त्याचा उपयोग होतो. पार्सल शनिवारी टाकू नका, रविवारी कुठंतरी उन्हात पडून राहतं आणि सोमवारी पानाचा लगदा पोचतो, सोमवार मंगळवार बरा. बी पाठवायचं तर डब्याच्या वरचं मूठभर नको, सगळं बी पसरून चार-पाच ठिकाणचं थोडं थोडं घ्या.

पैशाचं म्हणाल तर एलायझा सॅम्पलमागं शेकड्यात जातो, पीसीआर हजारांत, गटानं एकदम दिलं तर ते कमी करतात, विचारायचं. पाचपैकी मार्क द्यायचे तर बियाण्याच्या एलायझाला साडेचार, पिवळ्या मोझॅकच्या पीसीआरला चार, स्ट्रिपला साडेतीन, आणि पत्रकाला एक. मॅडमच्या समजावून सांगण्याला पाच.

यंदा देणार असाल तर मार्च-एप्रिलमध्येच द्या. मे संपता संपता त्यांच्याकडं गर्दी होते, बी उगवून करायची टेस्ट असेल तर तीन आठवडे धरा, आणि जूनमध्ये पाऊस पडून वापसा आला की रिपोर्टसाठी कुणी थांबत नाही, असेल ते बी टोकून मोकळं होतं.